नाळेतील रक्ताचा प्रश्न

आपल्या भाषेत नाळ या शब्दाला मोठा मान आहे. माणूस कोठेही गेला तरी त्याची नाळ जेथे पुरली त्या गावाशी त्याचे नाते तुटत नाही, असे आपण मानत आलो. परदेशी स्थायिक झालेल्या मुलाविषयी बोलतानाही त्याची मातीशी नाळ टिकली की तुटली, याचीच चौकशी होते. बाळंतपणे घरी होत तेव्हा सुईण वार पडल्यावर ती घराच्या आवारात नीट खड्डा करून पुरीत असे. पुढे बाळंतपणे रुग्णालयांत होऊ लागली, आणि नाळ व वार यांची रवानगी बादलीत झाली. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मात्र या गोष्टीने तिसरेच वळण घेतले आहे. गरोदर स्त्रीच्या तपासणीच्या कागदांबरोबर एक गुळगुळीत रंगीत पत्रक तिच्या हाती पडते. प्रसूतीच्या वेळी नाळेतले रक्त काढून गोठवून ठेवा, पुढे मुलास असाध्य रोग झाला तर तेच त्याला तारील, असा त्याचा आशय असतो. एकवीस वर्षांची साठवण, पंचाहत्तर वर्षांची साठवण, हप्त्यांची सोय, असे सर्व काही त्यात असते. घरातील वडील मंडळी हे पत्रक वाचतात, आणि नातवासाठी एवढेही करू नये काय, या विचाराने अस्वस्थ होतात.

प्रश्न असा की, प्रत्येक बाळंतपणात हे रक्त काढून ठेवणे खरोखर आवश्यक आहे काय? आमचे उत्तर नकारार्थी आहे. परंतु नुसता नकार देऊन भागणार नाही. तो कोठून येतो हे कळण्यासाठी या रक्ताचा इतिहास पाहावा लागतो, आणि तो इतिहास पत्रकात छापलेला नसतो.

आधी थोडी शरीराची माहिती. मूल पोटात असते तेव्हा त्याचे रक्त दोन ठिकाणी वाटलेले असते, काही त्याच्या देहात आणि काही वारेत. पूर्ण दिवसांच्या मुलाच्या बाबतीत हा वारेतला वाटा एकूण रक्ताच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याइतका असतो. ते रक्त आईचे नसते, मुलाचेच असते. मूल बाहेर आले की नाळ लगेच थांबत नाही. ती काही मिनिटे ठोके देत राहते, आणि तेवढ्या वेळात वारेतले रक्त मुलाच्या देहात येत असते. तीन किलो वजनाच्या मुलाला अशा रीतीने ऐंशी ते शंभर मिलिलिटर रक्त मिळते. मोठ्या माणसाला ही वाटीभर रक्ताची बाब किरकोळ वाटेल. पण ज्याच्या अंगात सारे मिळून पाव लिटरच्या आसपास रक्त असते, त्या जिवाच्या दृष्टीने ती केवढी मोठी आहे, याचा हिशेब श्रोत्यांनीच करावा.

ही गोष्ट जुन्या लोकांना ठाऊक होती काय? काही अंशी निश्चित होती. सुश्रुताने नाभीपासून आठ अंगुळे अंतरावर नाळ सुताने बांधून मग कापावी असे सांगितले आहे, आणि चरकाने कापण्याच्या शस्त्राचाही विचार केला आहे. म्हणजे हे काम आपल्या आचार्यांनी क्षुल्लक मानले नव्हते. ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या प्राणिविषयक ग्रंथात तर याहून नेमकी नोंद आहे. मूल कधी कधी मेल्यासारखे उपजते, कारण त्याचे रक्त नाळेत उतरलेले असते. अशा वेळी कुशल सुइणी ते रक्त नाळेतून पिळून मुलाच्या अंगात परत घालतात आणि मूल सजीव होते, अशा अर्थाचे वर्णन तेथे आढळते. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या ग्रीक सुइणींना शरीरशास्त्र ठाऊक नव्हते. पण रक्त कोणाचे आहे, हे त्यांनी बरोबर ओळखले होते.

पुढे इंग्लंडात इरॅस्मस डार्विन या वैद्याने, म्हणजे उत्क्रांतिवादी चार्ल्स डार्विनच्या आजोबाने, १८०१ साली आपल्या ‘झूनोमिया’ या ग्रंथात नाळ फार लवकर बांधण्याच्या चालीविरुद्ध स्पष्ट लिहिले. मुलाने पुनःपुन्हा श्वास घेतल्यावर आणि नाळेचे ठोके थांबल्यावरच ती बांधावी, नाहीतर मुलाच्या देहात असावयास हवे ते रक्त वारेतच राहून मूल अशक्त होते, असे त्याचे म्हणणे होते. त्या काळी हे केवळ निरीक्षण होते. त्याला मोजमापाचा आधार दिला तो पॅरिसमधील पिएर ब्यूदँ या तरुण प्रसूतितज्ज्ञाने, १८७५ साली. नाळ ताबडतोब बांधली असता वारेत किती रक्त उरते आणि ठोके थांबल्यावर बांधली असता किती उरते, हे त्याने मोजून पाहिले. फरक सुमारे नव्वद घनसेंटीमीटर निघाला. ज्या वर्षी पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली, त्याच वर्षीची ही गोष्ट आहे. दोहोंचा परस्परांशी काही संबंध नाही. परंतु हा विषय आजकालचा नव्हे, एवढे ध्यानात राहावे म्हणून ही आठवण दिली.

इतके कळल्यावरही विसाव्या शतकात नाळ लवकर कापण्याचीच रीत पडली. याचे कारण दुष्टपणा नव्हे, सोय हे होते. १९३५ साली लंडनमध्ये चॅसर मॉयर आणि डड्ली यांनी अर्गट या बुरशीतून एर्गोमेट्रीन वेगळे केले. त्या औषधाने गर्भाशय घट्ट आवळला जाऊन बाळंतिणीचा रक्तस्राव थांबू लागला, आणि असंख्य स्त्रियांचे प्राण वाचले. पण त्याबरोबर एक शिस्तच बनून गेली: मूल येताच आईला सुई द्यावयाची, लगेच नाळेला चिमटे लावून ती कापावयाची आणि वार ओढून घ्यावयाची. या तीन गोष्टींपैकी सुईचा उपयोग निर्विवाद होता. नाळ घाईने कापण्यामुळे आईला वेगळा लाभ होतो काय, हे मात्र कोणी फारसे तपासले नाही. त्यात मुलाला चटकन उचलून बालरोगतज्ज्ञाच्या हाती देण्याची घाई, आणि जास्त रक्त गेले तर कावीळ वाढेल ही भीती. अशा रीतीने मुलाच्या रक्ताचा मोठा वाटा दररोज जगभर बादलीत जाऊ लागला, आणि ते ‘टाकाऊ’ आहे असा समज दृढ झाला. आमच्या मते या साऱ्या प्रकरणातील कळीचा शब्द हाच आहे. ते रक्त निसर्गाने टाकलेले नव्हते. चिमटा लवकर लागला म्हणून ते टाकाऊ ठरले.

टाकाऊ ठरलेल्या वस्तूचा उपयोग शोधण्याची बुद्धी माणसाला होणारच. १९३८ साली कॅनडात मॉन्ट्रियल येथे गुडॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वारेतले रक्त जमवून रुग्णांना देण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला, आणि लेखाच्या मथळ्यातच त्याला रक्ताचा न संपणारा साठा म्हटले. रशियातही त्या सुमारास असे प्रयत्न चालले होते. पुढे प्रौढ दात्यांच्या रक्तपेढ्या सर्वत्र निघाल्या आणि हा मार्ग मागे पडला. १९७२ साली अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातील मिल्टन व नॉर्मन एंड यांनी रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या एका सोळा वर्षांच्या मुलाला आठ बालकांच्या नाळेतले रक्त दिल्याची हकीकत प्रसिद्ध केली. ती एका प्रांतिक वैद्यकीय मासिकात आली, आणि तिकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

खरी कलाटणी मिळाली ती १९८८ साली. अस्थिमज्जेत ज्या मूलपेशी असतात, ज्यांना रुग्णालयात स्टेम सेल म्हणतात आणि ज्यांपासून सर्व प्रकारचे रक्तकण तयार होतात, त्या नाळेतल्या रक्तातही पुष्कळ असाव्यात, ही कल्पना न्यूयॉर्कचे एडवर्ड बॉइस यांनी मांडली होती. इंडियानापोलिस येथील हॅल ब्रॉक्समायर यांनी प्रयोगशाळेत ती पडताळून पाहिली, आणि हे रक्त गोठवून पुन्हा वितळविले तरी त्यातील मूलपेशी टिकतात हेही दाखविले. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात एक पाच वर्षांचा मुलगा फान्कोनी ॲनिमिया या आनुवंशिक रोगाने आजारी होता. स्वित्झर्लंडमधील गुइडो फान्कोनी यांनी १९२७ साली वर्णिलेल्या या रोगात अस्थिमज्जा हळूहळू निकामी होते. मुलाच्या आईस पुन्हा दिवस गेले होते. न्यूयॉर्कच्या अर्लीन ऑवरबाख यांनी गर्भाची तपासणी करून सांगितले की होणारी मुलगी निरोगी आहे, आणि तिचे ऊतिगुण भावाशी जुळतात. ती जन्मली तेव्हा तिच्या नाळेतले रक्त जपून घेतले गेले, इंडियानापोलिसला नेऊन गोठविले गेले, आणि पुढे विमानाने पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात पोहोचले. पॅरिसच का? तर तेथील एलियान ग्लुकमन यांनी एक महत्त्वाची गोष्ट हेरली होती. या रोगातील मुलांना रोपणापूर्वीची तीव्र औषधे नेहमीच्या मात्रेत सोसत नाहीत. त्यांच्यासाठी सौम्य मात्रेची पद्धत बाईंनी बसविली होती. ऑक्टोबर १९८८ मध्ये त्यांनी ते रक्त मुलाच्या शिरेत सोडले. ते रुजले. मुलगा बरा झाला, मोठा झाला, आणि त्याच्या अंगातले रक्त बहिणीच्या पेशींपासून बनू लागले.

ही घटना आम्ही थोडी विस्ताराने सांगितली, कारण आजची सर्व जाहिरात तिच्या पुण्याईवर चालते. परंतु त्या मुलाला त्याचे स्वतःचे रक्त दिलेले नव्हते, बहिणीचे दिलेले होते. त्याचे स्वतःचे नाळेतले रक्त गोठवून ठेवलेले असते तरी ते कुचकामाचे ठरले असते, कारण रोग जन्मतःच त्याच्या प्रत्येक पेशीत होता. थॅलसेमियाची गोष्टही तीच. मुलाचे स्वतःचे रक्त तोच दोष घेऊन आलेले असते. रक्ताच्या कर्करोगाचे काय, असे कोणी विचारील. इंग्लंडमधील मेल ग्रीव्ह्ज यांच्या गटाने १९९७ साली पुढे ल्युकेमिया झालेल्या काही मुलांची जन्मानंतर टाचेतून घेतलेली रक्ताची वाळकी टिपे शोधून तपासली, तेव्हा कर्करोगाच्या पूर्वखुणा त्या टिपांतच सापडल्या. म्हणजे जे रक्त औषध म्हणून जपावयाचे, त्यातच रोगाचे बी असण्याचा संभव. शिवाय कर्करोगात परक्याच्या पेशी रोगपेशींवर हल्ला करतात, तो फायदा स्वतःच्या पेशींपासून मिळत नाही. पत्रकावर ऐंशी रोगांची यादी असते, ती खोटी नसते; फक्त त्यातील बहुतेक रोगांना दुसऱ्याचे रक्त लागते, हे तेथे ठळक टाइपात छापलेले नसते.

१९८८ नंतर वाट दुभंगली. एक वाट सार्वजनिक पेढीची. न्यूयॉर्क ब्लड सेंटरमध्ये पाब्लो रुबिनस्टीन यांनी १९९२ साली सरकारी साहाय्याने, अनोळखी मातांनी दान दिलेले नाळेतले रक्त साठविण्यास प्रारंभ केला. जोअ‍ॅन कर्ट्झबर्ग यांनी १९९३ पासून ड्यूक विद्यापीठात ते रुग्णांना दिले. आणि १९९८ साली रुबिनस्टीन यांनी अशा ५६२ रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. अस्थिमज्जा देणारा परका दाता जवळजवळ तंतोतंत जुळावा लागतो. नाळेतल्या रक्ताच्या बाबतीत थोडी तफावत चालते. त्यामुळे ज्यांना दाता मिळत नव्हता अशांना ते मिळू शकले. १९८८ पासून आजवर जगात अशी चाळीस हजारांहून अधिक रोपणे झाली आहेत, आणि त्यांतील बहुतेक सर्व दुसऱ्याच्या रक्ताची आहेत.

दुसरी वाट बाजाराची. बॉइस व ब्रॉक्समायर यांच्या शोधावर १९९१ साली अमेरिकेत पेटंट निघाले, ते बायोसाइट नावाच्या कंपनीकडे होते. युरोपात तिला १९९६ साली पेटंट मिळाले. प्रत्येक मुलाच्या नाळेतून वाहणाऱ्या रक्ताच्या गोठवणीवर एका कंपनीचा हक्क, ही कल्पनाच तेथील डॉक्टरांना असह्य झाली. ग्लुकमन बाईंच्या युरोपीय गटानेही हरकत घेतली, आणि १९९९ साली ते पेटंट रद्द झाले. पेटंट गेले, पण व्यापार राहिला. दान न घेता ज्याचे त्याच्यासाठी, पैसे घेऊन, रक्त ठेवणाऱ्या खासगी पेढ्या जगभर निघाल्या, आणि २००० नंतरच्या दशकात त्या आपल्याकडेही आल्या.

अशा मुलाला स्वतःचे रक्त लागण्याचा संभव किती? अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९९९ साली दिलेल्या अंदाजांची कक्षा हजारांत एक ते दोन लाखांत एक अशी आहे. एवढी मोठी कक्षा पाहून कोणास हसू येईल, पण अंदाज करणारे प्रामाणिक होते, असेच आम्ही म्हणू. युरोपीय संघाच्या नीतिविषयक मंडळाने २००४ साली अशा व्यापारी पेढ्यांच्या औचित्याविषयीच शंका घेतली. ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेने २००६ साली, ज्या कुटुंबात विशेष धोका नाही तेथे अशी नेहमीची साठवण करण्याची शिफारस करता येत नाही, असे म्हटले. फ्रान्स व इटली यांनी खासगी साठवणीस आपल्या देशात मज्जाव केला. आपल्याकडे २०११ च्या अखेरीस औषधविषयक नियमांत दुरुस्ती होऊन या पेढ्यांना परवाना सक्तीचा झाला. आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत, पुढे स्वतःच्या उपयोगासाठी हे रक्त साठविण्यास शास्त्रीय आधार नाही, असे नमूद आहे. बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय अकादमीनेही २०१८ साली याला जैविक विमा म्हणू नये असेच बजावले. परवाना आहे म्हणजे आवश्यकता सिद्ध झाली, असा घोटाळा आपल्याकडे सहज होतो. परवान्याने फक्त शीतपात्र नीट आहे की नाही हे पाहावयाचे असते. तेही नेहमी साधतेच असे नाही. २०२३ साली सिंगापूरमधील एका खासगी पेढीची पात्रे पुरेशी थंड राहिली नाहीत आणि दोन हजारांहून अधिक मुलांचे रक्त निकामी झाले.

पैशांचा अपव्यय ज्याचा त्याने सोसावा, असे म्हणून हा विषय सोडता आला असता. पण रक्त काढण्याची किंमत पैशांपुरती नाही. एका पिशवीत उपयोगी पडण्याइतक्या पेशी हव्यात तर साठ ते शंभर मिलिलिटर रक्त हवे. आणि जेवढे रक्त नाळेतून मुलाकडे जाऊ द्यावे, तेवढे पिशवीत कमी पडते. वारेत रक्त एकदाच असते. ब्यूदँने मोजलेले नव्वद घनसेंटीमीटर आणि पेढीची पिशवी, ही एकच वस्तू आहे.

इकडे लवकर कापण्याची जुनी रीत अखेर तपासली गेली. मेक्सिको शहरात ४७६ माता व बालकांवर झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दोन मिनिटे थांबून नाळ बांधलेल्या मुलांच्या अंगात सहाव्या महिन्यात २७ ते ४७ मिलिग्रॅम लोह अधिक आढळले. आईचा रक्तस्राव त्यामुळे वाढत नाही, हेही पुढील परीक्षणांत दिसून आले. काविळीसाठी प्रकाशोपचार थोड्या अधिक मुलांना लागतात, हे खरे आहे, म्हणून तिकडे लक्ष ठेवावे लागते. अपुऱ्या दिवसांच्या मुलांच्या बाबतीत तर २०२३ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एकत्रित अभ्यासानुसार, थांबून नाळ बांधल्याने मृत्यूचा संभव सुमारे एक-तृतीयांशाने घटतो. जागतिक आरोग्य संघटना एक मिनिटाच्या आत नाळ बांधू नये असे सांगते. अपवाद अर्थातच आहेत; मूल गुदमरलेले असेल, आईची अवस्था बिकट असेल, तर डॉक्टर जे ठरवतील ते योग्य.

आता आपल्या घरची स्थिती. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे भारतात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी ६७ टक्के, आणि महाराष्ट्रात जवळजवळ ६९ टक्के, रक्तक्षयाने ग्रस्त आहेत. दोन लाखांत एखाद्या मुलाला कदाचित लागेल म्हणून रक्त गोठवावयाचे, की दहांत सात मुलांना कमी पडणारे लोह त्यांच्याच रक्तातून त्यांना मिळू द्यावयाचे? हा हिशेब पत्रकावर नसतो, आणि दुर्दैवाने पुष्कळ प्रसूतिगृहांतही तो कोणी मांडून दाखवीत नाही.

आमचा विरोध नित्य साठवणीला आहे. घरात एखाद्या मुलाला थॅलसेमिया, फान्कोनी ॲनिमिया किंवा असाच रोग असेल आणि दुसरे मूल होणार असेल, तर त्याच्या नाळेतले रक्त अवश्य घ्यावे. पॅरिसचा धडा हाच आहे. आपल्याकडे सिंधी, लोहाणा आदी समाजांत थॅलसेमियाचे प्रमाण अधिक आहे. त्यांनी तर लग्नाआधी वा गरोदरपणात तपासणी करून घेणे अगत्याचे आहे, आणि रक्त साठवायचे की नाही हे रक्तरोगतज्ज्ञाला विचारून ठरवावे. तसेच कोणी सार्वजनिक पेढीस दान देऊ इच्छील, तर त्याचे आम्हाला कौतुकच वाटेल. फक्त मुलाचा वाटा आधी त्याला मिळावा. एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. अलीकडे अर्धवट जुळणाऱ्या आईबापांच्या वा भावंडांच्या मूलपेशी वापरण्याची रीत सुधारली आहे, आणि त्यामुळे नाळेतल्या रक्ताची गरज पूर्वीच्या मानाने कमीच होत चालली आहे. शिवाय एका पिशवीतल्या पेशी लहान मुलाला पुरतात, प्रौढाला बहुधा पुरत नाहीत. पंचाहत्तर वर्षांची साठवण घेणाऱ्याने एवढे विचारून पाहावे.

उद्या संशोधन कोठे जाईल कोण सांगावे, हा पेढ्यांचा शेवटचा युक्तिवाद असतो. सेरेब्रल पाल्सी झालेल्या मुलांना त्यांचेच नाळेतले रक्त देण्याचा प्रयोग ड्यूक विद्यापीठात झाला. २०१७ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तेव्हा मुख्य कसोटीवर रक्त दिलेल्या आणि न दिलेल्या मुलांत फरक दिसला नाही. अधिक मात्रा मिळालेल्या मुलांत थोडी आशा दिसली, म्हणून शोध चालू आहे. शोध चालू असावा. पण त्या आशेचे बिल गरोदर स्त्रीकडून आधीच वसूल करणे आम्हाला गैर वाटते.

ज्यांनी आधीच रक्त ठेवले आहे त्यांचे काय, असे विचारणारे अनेक जण भेटतात. त्यांनी मनास लावून घेऊ नये. करारपत्र जपून ठेवावे, पिशवीत किती पेशी जमा झाल्या याचा दाखला पेढीकडून लेखी मागून घ्यावा, आणि पुढचा वार्षिक आकार भरण्यापूर्वी तो दाखला एखाद्या रक्तरोगतज्ज्ञाला दाखवावा. ज्यांच्या घरी बाळंतपण व्हावयाचे आहे त्यांनी शेवटच्या महिन्यातील भेटीत डॉक्टरांना एकच गोष्ट विचारावी: आमच्या मुलाची नाळ किती वेळाने बांधणार?